गोधडी अडली तेव्हा

८ मेच्या रात्री गोधडीने, म्हणजे आमच्या घरातल्या सापाने, तीन अंडी घातली आणि आम्हाला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे वीस दिवस तो आनंद मला सारखा आठवायचा आणि पोटात कालवायचं. अंडी म्हणजे तशी खरी अंडी नव्हतीच, पिवळट, मेणाच्या गोळ्यासारखी, लिंबाएवढी, सुटी सुटी पडलेली. नर तिच्या आसपासही कधी आला नव्हता त्यामुळे त्यात जीव नसणार हे कळतच होतं. तरी ईशाने फोटो काढून मावशीला पाठवले, संदीप ऑफिसला जाताना दोनदा वाकून बघून गेला, आणि मी डबे भरायचे सोडून टाकीसमोर फतकल मारून बसले. शेपटीच्या जरा वर, शेवटच्या हातभर भागात, दोन फुगवटे तसेच दिसत होते. मला वाटलं, येतील, रात्रीपर्यंत येतील.

गोधडी आमची बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतली जात, घाना, टोगो, बेनिन त्या बाजूची, चार फुटांच्या आसपास वाढते, विष नाही, घाबरली की डोकं मधे घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करते म्हणून बॉल. संदीपच्या ऑफिसमधल्या एकांचा मुलगा २०१६ मध्ये कॅनडाला शिकायला गेला तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून तिला आमच्या खारीगावच्या घरी ठेवून गेला. तेव्हा ती दोनेक वर्षांची. त्या दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली. त्याने ठेवलेलं नाव ईशाला म्हणताच यायचं नाही, सात वर्षांची होती ती, आणि अंगावरचे ते काळे-तपकिरी-सोनेरी तुकडे बघून तीच म्हणाली, आजीच्या गोधडीसारखी आहे. झालं, तेच नाव पडलं.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो पोलिसांचा, म्हणून तेही सांगते. आपल्याकडचा कुठलाही साप, नाग असो, धामण असो नाहीतर आपला अजगर, घरात पाळता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. ही परदेशी जात. २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, केंद्राने असे परदेशी प्राणी आपणहून जाहीर करा म्हणून सांगितलं तेव्हा आम्ही केलं, आणि २०२४ चे नवीन नियम आले तेव्हा केंद्राच्या परिवेश पोर्टलवर परत रीतसर नोंदणी केली. त्या नियमांप्रमाणे जन्म झाला तर कळवायचा, कोणाला दिला तर कळवायचं आणि मेला तरी कळवायचं. फॉर्म भरताना मृत्यूच्या त्या मुद्द्यावर मी फार थांबले नव्हते. मे महिन्यात मात्र रात्री अंथरुणावर पडलं की तोच डोळ्यासमोर यायचा.

खरं तर फेब्रुवारीपासूनच सगळं समोर दिसत होतं. तिने खाणं सोडलं. बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहतात, त्यामुळे आम्ही काळजी केली नाही. मग ती पाण्याच्या भांड्याभोवती गुंडाळून बसायला लागली, मग अर्धं पोट वर करून उलटी पडून राहायला लागली, मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कात टाकली. हे सगळं अंड्यावर आलेल्या मादीचं लक्षण आहे, त्या कातीनंतर साधारण महिन्याभरात अंडी येतात, हे मला आता पाठ आहे. तेव्हा आमचं एकच डोक्यात होतं की नर नाही म्हणजे अंडी नाहीत. कोंबडीचं साधं उदाहरण समोर असून सुचलं नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या झूमधल्या एका बॉल पायथनने २०२० मध्ये सात अंडी घातली होती, तेव्हा तिचं वय बासष्टच्या आसपास धरलं होतं आणि निदान १५ वर्षं तिच्याजवळ नर नव्हता. हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर ओल्या शेवाळाचा एक डबा टाकीत ठेवला असता, अंडी घालायला तिला आडोसा मिळाला असता. तेवढ्याने फरक पडला असता की नाही कोण जाणे, डॉक्टर म्हणाल्या की वजनही जास्त होतं, हालचाल कमी होती, आम्ही दर दहा दिवसांनी मोठा उंदीर देत होतो तो इतका लागत नाही. मायेने भरवत होतो. तिच्या अंगावर ते असं निघालं.

दोन दिवस गेले, चार गेले. फुगवटे तिथेच.

फोनाफोनी सुरू झाली. घराजवळच्या एका दवाखान्यात सापाचं नाव काढल्यावर फोनच ठेवला. दुसऱ्या एका ठिकाणी म्हणाले आणा, वरून दाबून काढून देतो. ईशाने तेवढ्यात काहीतरी वाचलं होतं म्हणून आम्ही वाचलो, असं दाबलं तर आतली अंडनलिका फाटू शकते. एका साप पाळणाऱ्या मुलाने सांगितलं, कोमट पाण्यात बसवा रोज वीस मिनिटं. ते आम्ही केलं. बाथरूममधल्या निळ्या टबात, पाण्याला थर्मामीटर लावून, मी एका बाजूला आणि ईशा एका बाजूला. तिला ते बरं वाटत होतं की नको वाटत होतं ते मला सांगता येणार नाही. हा सगळा लेख खरं तर ह्या एका वाक्याबद्दलच आहे.

कारण बघा, शेजारच्या मजल्यावरचा लॅब्रेडॉर आजारी होता तेव्हा घरातले म्हणायचे, तो डोळ्यांनी सांगतोय. सापाला पापणीच नसते. आवाज नसतो, म्हणजे फुत्कार असतो पण गोधडीने तो नऊ वर्षांत केलाच नाही. चेहरा कधी बदलत नाही, भूक लागलेली असताना तोच, भरल्या पोटी तोच. त्यामुळे त्या दिवसांत आम्ही तिच्याबद्दल जे जे म्हणालो ते सगळं आमचं आमचंच होतं. संदीप म्हणाला ती कंटाळलीये, तेव्हा कंटाळला होता तो, रोज रात्री विषय तोच म्हणून. ईशा म्हणाली ती झुंजतीये, कारण ईशाला झुंजायचं होतं. आणि मी म्हणत होते की ती शांत आहे, बघा किती शांत पडलीये, कारण मला वाटत होतं की कोणीतरी मला सांगावं काही करायची गरज नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही आईच म्हणतो, २०१९ पासून आमच्याकडे आहेत. माहेर बत्तीस शिराळ्याचं. म्हणजे जिथे नागपंचमीला जिवंत नाग घरोघर आणून बायका ओवाळायच्या, पुढे कोर्टाच्या आदेशाने ते थांबलं, ते शिराळा. लहानपणी त्यांनी नाग हातभर अंतरावर बघितलाय, घाबरायचा प्रश्नच नाही. पण गोधडीच्या खोलीत त्या सहा वर्षांत आल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं, साप पूजायचा आणि सोडून द्यायचा, डब्यात घालून त्याला मेलेले उंदीर घालायचे ही कसली रीत. मी कधी वाद घातला नाही, कारण वाद घालायला माझ्याकडे फार काही नव्हतंही. एकदाच त्यांना सांगितलं होतं की बेनिन देशात विदा म्हणून गाव आहे, तिथे ह्याच जातीच्या सापांचं देऊळ आहे, ते साप गावात फिरतात आणि कोणाच्या घरात शिरले तर लोक मानाने परत देवळात आणून सोडतात. त्यावर त्या म्हणाल्या, मग तितंच ऱ्हाऊ द्यायची हुती की तिला.

१४ मेला दुपारी लाइट गेली. ठाण्यातला मे, खोलीत चौतीस डिग्री, टाकीची थंड बाजू सव्वीसला ठेवायची असते ती बत्तीसवर गेली म्हणून मी टाकी उघडून बर्फाच्या बाटलीला फडकं गुंडाळून ठेवत होते. मागे बघितलं तर आई दारात. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. गोधडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होती, तिथे अंग गोळा करायची, परत सोडायची, परत निघायची.

"आगं, ही आडलीया," त्या म्हणाल्या. "बसतीया, उठतीया, परत बसतीया. म्हस अशीच करती. कवाधरनं हाय ही?"

सहा दिवस, मी म्हटलं.

"सा दिस! आन् तुमी पान्यात बसवताय?"

मग त्यांनी त्यांच्या वडिलांच्या म्हशीची गोष्ट सांगितली. रात्री अडली, आत रेडकू मेलेलं होतं हे सगळ्यांना कळलं होतं, तरी वडील कंदील घेऊन चार कोस चालत ढोराच्या डॉक्टरला आणायला गेले. मी विचारलं, रेडकू मेलेलं होतं तर मग काय उपयोग. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हशीला मोकळी कराया नगं व्हय?"

तोपर्यंत आम्ही काय काय शब्द वापरत होतो. अंडी राहिलीत, एग बाइंडिंग झालंय, केस आहे, कॉम्प्लिकेशन आहे. अडली हा शब्द कुणाच्या तोंडात आला नव्हता, आणि तो आल्यावर एकदम सगळं माझ्या ओळखीचं झालं. माझी स्वतःची डिलिव्हरी बावीस तास चालली होती. अडलेल्या बाईला कोणी तुझी काय इच्छा आहे विचारत बसत नाही, किंवा तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत नाही. अडली म्हणजे मोकळी करायची. कशी करायची, करता येईल की नाही, हा पुढचा प्रश्न.

त्याच संध्याकाळी नेरूळच्या एका डॉक्टरांचा नंबर मिळाला, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यात गोधडी, अभ्रा हवा जाणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर, विटावा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, ठाणे-बेलापूर रोडचा एकेक सिग्नल मला त्या दिवशी मोजता आला असता.

वजन दोन किलो शंभर. एक्सरेत फार कळत नाही कारण सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं असतं, कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, म्हणून सोनोग्राफी. दोन अंडी, एकामागे एक, मागच्याच्या आत सगळं घट्ट होत चाललेलं. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणारं, इंजेक्शन दिलं, आणि तेव्हाच स्पष्ट सांगितलं की कासवांमध्ये हे छान चालतं पण सापांमध्ये फारसा भरवसा नाही, त्यात इतके दिवस उलटलेत. तीन दिवसांनी परत गेलो. काहीच नाही. मग त्यांनी पोटाच्या बाजूने, खवल्यांच्या मधून सुई घालून अंड्यातलं द्रव ओढून घ्यायचा प्रयत्न केला, आतलं निघालं की अंडं आक्रसतं आणि कधी कधी आपोआप बाहेर पडतं. पुढच्या अंड्यातून थोडंसं दाट पिवळं आलं. मागच्यातून थेंब नाही. परत चार दिवस वाट बघायची.

२३ मेला त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

म्हणाल्या, आता तीन रस्ते आहेत. पहिला, ऑपरेशन. पोट उघडून अंडनलिकेला छेद द्यायचा आणि अंडी काढायची. खर्च तीस हजारांच्या आसपास. भूल हीच मोठी जोखीम, सापाचा श्वास भुलीत थांबतो, नळी घालून आपण द्यावा लागतो, आणि शुद्धीवर यायला तास लागतात, कधी जास्त. दुसरा, कायमचं झोपवणं. तिसरा, घरी नेऊन ठेवणं. आणि तिसऱ्याबद्दल त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, सापाचं शरीर सावकाश चालतं, अन्न सावकाश पचतं, जखम सावकाश भरते, आणि मरणही तसंच सावकाश येतं. आत सडायला लागलं तर आठवडेच्या आठवडे जातील, बाहेरून तुम्हाला ती अशीच शांत दिसेल.

माझी ती शांत.

घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. संदीपला दोष देणारे पुष्कळ निघतील म्हणून त्याची बाजू मी नीट मांडते. त्याच महिन्यात ईशाच्या अकरावीच्या क्लासचा पहिला हप्ता भरायचा होता, आणि आईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू दोनदा पुढे ढकललेला होता. तीस हजार म्हणजे आमच्याकडे कुठून तरी काढून कुठे तरी लावायचे तीस हजार. पण रात्री त्याने जे सांगितलं ते पैशाचं नव्हतं. तो म्हणाला, आपण तिला कापणार, टाके घालणार, दोन महिने इंजेक्शनं टोचणार, आणि तिला दुखतंय का ते आपल्याला शेवटपर्यंत कळणार नाही. कुत्र्याला कुठलं दुखण्याचं औषध किती द्यायचं हे ठरलेलं आहे, सापांचं ज्ञान त्या मानाने फार मागे आहे हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कळत नसताना करणं हा त्रास देणंच आहे, असं त्याचं म्हणणं. मला त्याचं खोडून काढता आलं नाही. आजही येत नाही.

झोपवण्याबद्दल पण मी सगळं विचारून घेतलं, कारण कोणीतरी सांगितलं होतं की सापाला डीप फ्रीजरमध्ये ठेवलं की तो गारठून झोपेतच जातो, फुकटात काम होतं. कोणी वाचत असेल आणि अशा वेळेत सापडलं असेल तर हे करू नका. थंडीने साप नुसता हलायचा थांबतो, त्याची जाणीव गेलेली असतेच असं नाही, आणि अंगात बर्फाचे कण तयार होत असताना तो जिवंत असू शकतो. सरपटणाऱ्यांचा मेंदू प्राणवायूशिवाय आपल्या मेंदूपेक्षा खूप जास्त वेळ तग धरतो, आणि काळीज तर नंतरही तासन् तास हलत राहतं. म्हणून डॉक्टर आधी खोल भूल देतात, मग औषधाचं इंजेक्शन, आणि मग मेंदूचं काम खरंच संपलंय याची वेगळी खात्री करतात. बोलताना त्या कुठेही अडखळल्या नाहीत, आणि मला त्याचाच आधार वाटला. हा रस्ताही त्या नीट पार पाडतील एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना फोन केला आणि विचारलं, तुमचा स्वतःचा साप असता तर तुम्ही काय केलं असतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं, ती बरी असताना दिवसभरात काय काय करते ते सांगा. मला वाटलं साप काय करणार. पण सांगायला लागले तर संपेना. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला बिळातून डोकं बाहेर काढते. स्वयंपाकघरात मिक्सर लावला की जीभ भराभर चालते, जमिनीतून हादरा जातो त्याने असावी. फांदीवर चढते, उतरताना शेपूट हमखास पाण्यात बुडवते. रात्री गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते, पहाटे परत. हातात घेतली की मनगटाला विळखा घालते, तो इतका घट्ट की घड्याळाचा पट्टा रुततो. ईशाच्या हाताला साबणाचा वास असला की तोंड फिरवते.

ह्यातलं आज काय करते, त्यांनी विचारलं.

मी जाऊन बघितलं. फोन कानालाच होता. मिक्सर ईशाला लावायला सांगितला. जीभ आली, हळू पण आली. हातात घेतली, विळखा होता, सैल होता पण होता. डॉक्टर म्हणाल्या, तिला हळूच उलटी करा, पाठीवर. केली. तिने अंग पिळलं, डोक्यापासून सुरुवात करून एकेक वळण सरळ करत पोटावर आली. त्याला आठ-दहा सेकंद लागले असतील. मी सांगितलं. पलीकडे त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "उलटं पडून राहायचं नाही एवढं तिच्या अंगात अजून आहे. यापेक्षा जास्त ती सांगू शकत नाही, आणि मीही नाही."

मला हे पुरलं. संदीपला पुरलं नाही, पण तो म्हणाला कर. आई देवापाशी बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, माझ्या डोळ्याचं दिवाळीनंतर बगू. मला ते घ्यायला जड गेलं. तरी घेतलं.

ऑपरेशन २६ मेला. त्याच दिवशी मान्सून मुंबईत आला, इतक्या लवकर आल्याची नोंद याआधी नव्हती म्हणे, आणि आम्ही पहाटे निघालो तरी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलेलं. गाडी वळवून ऐरोलीला पोहोचेपर्यंत दीड तास. अंग थंड पडू नये म्हणून डब्याच्या दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या, त्या माझ्या मांडीवर थंड होत गेल्या तशी मी डबा पदरात घेतला.

डॉक्टरांनी मला आत उभं राहू दिलं, टेबलापासून लांब. भूल चढल्यावर तोंड उघडलं तर सापाची श्वासनलिका अगदी पुढे, जिभेच्या मागेच दिसते, तिथून त्यांनी बारीक नळी घातली आणि मदतनीस मुलगी मिनिटाला पाच-सहा वेळा फुगा दाबायला लागली. मग त्यांनी डोक्यापासून साधारण पाव अंतरावर, काळीज असतं तिथे, डॉपलरची पेन्सिलसारखी काडी चिकटवली आणि मशीन चालू केलं.

हुश्श. हुश्श. हुश्श.

नऊ वर्षं ही माझ्या घरात होती. मी तिचं वजन केलं, कात उचलली, घाण काढली, तिच्यासाठी लाइट गेली की रात्री उठले, आणि मी तिचा आवाज असा कधी ऐकलाच नव्हता. मुका प्राणी, मुका प्राणी म्हणत होतो. तो आवाज सगळ्या खोलीभर होता, सावकाश, मिनिटाला चाळीसच्या आसपास, आणि मधेच डॉक्टर आतलं काहीतरी ओढायच्या तेव्हा जरासा घाईत यायचा. मी ईशाला फोन लावला आणि नुसता धरून ठेवला, काही न बोलता. पलीकडे घरात स्पीकरवर ते सगळ्यांनी ऐकलं. आईंनी विचारलं हे काय वाजतंय, आणि ईशाने सांगितलं, गोधडीचं काळीज, हे मला नंतर कळलं.

पुढचं अंडं चटकन आलं. मागचं नलिकेला चिकटलेलं होतं, सोडवायला चाळीस मिनिटं गेली. खालच्या रुंद खवल्यांच्या आणि बाजूच्या खवल्यांच्या मधे छेद, अकरा टाके. सापाची कातडी आत वळते म्हणून कडा बाहेर उलटवून शिवतात, त्यामुळे ते शिवण बांधासारखं उंच दिसतं. गोधडीच्या गोधडीला टीप घातली, असं ईशा नंतर म्हणाली. भुलीतून यायला साडेपाच तास लागले. पहिली हलली ती जीभ.

नंतरचे दोन महिने मी भराभर सांगते. टाकीत नारळाच्या भुशाऐवजी वर्तमानपत्र. दर बहात्तर तासांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन घरी, अंगाच्या पुढच्या भागातच टोचायचं कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं. ईशा धरायची, मी टोचायची. पहिल्या वेळी माझा हात इतका थरथरत होता की सुई वाया गेली. सहाव्या वेळेपर्यंत आई दारातून सांगायला लागल्या, आडवी धर, सुई आडवी धर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिने अख्खी कात टाकली, जखमेवरून सुद्धा, आणि डॉक्टरांनी टाके काढायला २९ जुलै दिली. ती नेमकी नागपंचमी. आईंनी ऐकलंच नाही. त्या दिवशी घरात विळी लागत नाही, तवा चढत नाही, पुरणाची दिंडं उकडून करतात, आणि तुम्ही सापाला कात्री लावणार. मी डॉक्टरांना फोन करून ३१ तारीख घेतली. त्यांनी एका शब्दाने कारण विचारलं नाही. नागपंचमीला आईंनी पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या वाहिल्या, आणि दूध ठेवलं नाही. साप दूध पीत नाहीत हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं.

१२ सप्टेंबरला तिने खाल्लं. लहान उंदीर, पूर्वीच्या निम्मा. आता पंधरा-वीस दिवसांनी तेवढाच. आईंचा मोतीबिंदू डिसेंबरात झाला.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे ही फेब्रुवारी आहे आणि गोधडीने परत खाणं सोडलंय. गेल्या सोमवारी ती पाण्याच्या भांड्याभोवती गुंडाळून बसली होती, काल रात्री पोट वर करून. ऑपरेशनच्या वेळी भूल लांबवायची नाही म्हणून डॉक्टरांनी अंडाशयं काढली नव्हती, हे पुन्हा होऊ शकतं असं तेव्हाच सांगितलं होतं. आता एक डबा तयार आहे, ओल्या शेवाळाचा, तिच्या अंगाएवढा, आणि त्यात ती दोनदा जाऊन आलीये. डॉक्टर म्हणतात की अडेपर्यंत थांबायचं नसेल तर तब्येत ठीक असतानाच अंडाशयं काढून टाकण्याचा विचार करता येईल, पण ते ऑपरेशन मोठं आहे, आणि कदाचित ह्या वेळी सगळी अंडी नीट येतीलही. अकरा-बारा वर्षांची आहे. ही जात वीस-तीस वर्षं सहज जगते. म्हणजे दर वर्षी हा फेब्रुवारी येणार.

शनिवारी अकराला सोनोग्राफी आहे. ईशा म्हणते काढून टाकू या, दर वर्षी हे नको. संदीप म्हणतो थांबून बघू, धडधाकट जीव कापायचा नाही. मी दोघांचं ऐकते आणि मला रात्री ते हुश्श हुश्श ऐकू येतं. आईंना मी विचारलं तुम्हाला काय वाटतं. त्या बराच वेळ टाकीकडे बघत होत्या, आता खोलीत खुर्ची टाकून बसतात दुपारच्या. मग म्हणाल्या, शनवारी गाडीत जागा आसंल तर मी बी येती.